आधी खडे काढा

विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
काचेच्या टेबलाआडचा माणूस
मला तीन फायलींत तीन देश दाखवतो.
एक हिऱ्यांचं शहर, तिथं बारा महिने ढग आणि फी युरोत.
एक लंडन, तिथला कागद म्हणे कुठंही चालतो,
नोटेसारखा.
तिसरं बँकॉक, सहा महिने.
हे तो शेवटी सांगतो, जरा आवाज उतरवून,
दुकानदार स्वस्तातलं कापड काढतो तसं.

"वडील काय करतात?"
"गलाई."
पेन थांबतं.
"म्हणजे सोनं गाळतात. सेलमला. एकतीस वर्षं."
तो फॉर्मवर लिहितो, ज्वेलर.
मी काही बोलत नाही.

ज्वेलरच्या दुकानाला काच असते.
आमच्या दुकानाला धुराडं आहे.
अण्णा सोनारांच्या गाळ्यांतला केर विकत घेतात,
हात धुतलेलं पाणी,
कारागिरांची फाटकी पायपुसणीसुद्धा.
जाळतात, धुतात, तेजाब ओततात,
आणि दिवेलागणीला मुशीच्या तळाशी
हरभऱ्याएवढा पिवळा थेंब.
विट्याकडची कितीतरी घरं अशी धुळीवर उभी आहेत.
लेंगऱ्याचा कुणी गुवाहाटीत, पाऱ्याचा कुणी मदुरेत,
जत्रेला सगळे माघारी,
चार भाषांत एकमेकांना आजचा भाव विचारत.

मोडीचा दागिना आला की अण्णांचं पहिलं वाक्य,
तमिळमध्ये, मग सवयीनं मराठीत:
आधी खडे काढा.
खडा आगीत टिकत नाही. तडकतो,
वजनात खोट, सोन्यात घाण.
गिऱ्हाईक काढलेले खडे नेतं. कधी नेत नाही.
न नेलेले बोर्नव्हिटाच्या डब्यात.

मेच्या सुट्टीत सेलमला गेलं की
मी तो डबा परातीत ओतायची,
लाल, हिरवे, एक पाणी गेलेला निळा.
"अण्णा, ह्यातले खरे कुठले?"
"काचा असतील गं सगळ्या."
असतील.
कसोटीवरच्या नुसत्या रेघेवरून
शंभरात किती तांबं ते सांगणारा माणूस,
त्यानं आयुष्यात एवढी एकच गोष्ट
'असतील'वर सोडली.

आई म्हणाली कर्ज नको.
रुक्मा आत्या म्हणाली, जयपूर काय वाईट आहे,
आणि पुरुषांच्या बाजारात ही पुड्या उलगडत बसणार?
चुलतभाऊ धैर्यशील म्हणाला, ऑनलाइन असतं सगळं.
खडा ऑनलाइन कसा तिरका धरायचा
हे त्याला कुणी विचारलं नाही.
अण्णा फोनवर म्हणाले,
भट्टी चालू आहे, नंतर बोलू.

रात्री मी त्यांना लिहिलं:
अण्णा, तिकडं माणिक भट्टीत घालतात.
मुद्दाम. सोळाशे अंशांच्या पुढं, तासन्‌तास.
गढूळपणा जातो, रंग उघडतो.
काही तडकतात.
कुठला तडकणार, ते आधी बघतात
भिंगातून, त्याच्या पोटातल्या रेषांवरून.
आणि भाजलेला कुठला, न भाजलेला कुठला,
तेही पोटातच लिहिलेलं असतं.
ते वाचायला शिकवतात.

दोन निळ्या खुणा.
मग काहीच नाही.
मी उठून पाणी प्यायले, परत फोन बघितला,
फायलीतल्या फीचे आकडे उगीच पुन्हा रुपयांत मांडले.

पहाटे फोन. मागं ब्लोअरची घरघर.
"सोळाशे म्हणालीस?"
"हो."
"मूस कसली वापरतात?"

मला माहीत नव्हतं.
मी म्हणाले, शिकून सांगते.
ते "हं" म्हणाले. सोन्याचा भाव पटला की म्हणतात, तसं.

आठवड्यानं पाऱ्याचा एकजण सेलमहून गावी आला,
हातात चिकटपट्टीनं बांधलेला डबा.
झाकणावर अण्णांचं अक्षर:
दोनशे चौदा ग्रॅम, सहाशे मिली.
पुढं 'माल' लिहून
एक रेघ ओढलीय, आणि रेघेवर काही नाही.